‘हे’ म्हणाले, गरज नाही

३ तारीख, मंगळवार

आज दादाच्या नौकेच्या किल्ल्या मिळाल्या. दादाला जाऊन वर्ष होत आलं. शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला होता, “माझी बोट भंगारात जाऊ देऊ नकोस,” आणि मी मान डोलावली होती. आजारी माणसापुढे मान डोलावताना कुणी फार विचार करत नाही. (दादा ‘बोट’ म्हणायचा, मी ‘नौका’ लिहितो. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आता ही सवय जायची नाही.)

त्या मानेचा हिशेब आता आला आहे. गोदीच्या कचेरीचं पत्र आलं. जुना धक्का पाडणार आहेत. अठ्ठावीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत प्रत्येक नौकेने स्वतःच्या इंजिनांवर नव्या धक्क्याला जायचं. जी हलणार नाही, ती ओढून नेऊन भंगारात काढणार. पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. ‘भंगार’ मात्र बिनचूक होतं.

किल्ल्या देताना वहिनी म्हणाल्या, “इंजिनं धड आहेत, भावजी. गिअरच्या पेट्या तेवढ्या बघून घ्या, वर्षभर तेल बदललेलं नाही. काही लागलं तर विचारा.”

मी म्हटलं, “वहिनी, यंत्राचं काम आहे. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? तुम्हाला नाही कळायचं ते.”

एकट्या बाईला तेवढाच धीर. त्यांनी किल्ल्या माझ्या हातात न देता टेबलावर ठेवल्या आणि आत निघून गेल्या. दुःख अजून ताजं आहे.

घरी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “किती जुनी आहे बोट?”

“चौतीस वर्षं.”

“म्हणजे आपल्या लग्नाएवढी. तिचंही कुणी बघितलेलं नसणार.”

५ तारीख, गुरुवार

नौकेच्या बैठकीतली जमिनीची फळकुटं उचलून खाली उतरलो. दोन इंजिनं, आणि प्रत्येकाच्या पाठीला चिकटलेली एक पेटी. इंजिनाचा वेग कमी करून तो मागच्या पंख्याला पोचवायचा आणि पुढे की मागे ते ठरवायचं, हे पेटीचं काम. दोन्ही पेट्या एकाच हिरव्या रंगाच्या, एकाच अंगाच्या. जुळ्या आहेत हे पाहताक्षणी कळलं. ओळख पटवण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

कोणतं तेल घालायचं ते पेटीवरच्या कारखान्याच्या पट्टीवरून कळतं, पण पट्ट्यांवरही हिरवा रंग फासलेला आहे. धक्क्यावर पंप दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे ग्रीसकाका म्हणतात. का म्हणतात ते हस्तांदोलन केल्यावर कळलं. त्यांना तेलाचं विचारलं.

“पेट्यांचं मला नका विचारू, साहेब. बाईंना विचारा.”

“कुठल्या बाईंना?”

“कुठल्या म्हणजे? बाईंना!” आणि ते पंपाकडे वळले.

खलाशी लोक नौकेला बाई मानतात असं एका पुस्तकाच्या मुद्रितात वाचल्याचं आठवलं. म्हणजे यंत्रालाच विचारा, ते बोलतं, ऐकणारा पाहिजे, असं काकांना म्हणायचं असणार. साध्या माणसांचं शहाणपण. डाव्या पेटीला कान लावून दहा मिनिटं बसलो. काही ऐकू आलं नाही. कान मात्र घरी येऊन रॉकेलने पुसावा लागला.

७ तारीख, शनिवार

मोठा शोध! नकाशांच्या खणात दादाची वही सापडली. नौकेच्या देखभालीच्या बारा वर्षांच्या नोंदी. अक्षर इतकं टपोरं की मला भरून आलं. शाळेत असताना दादाचं अक्षर मास्तरांनी कोंबडीच्या पायाशी ताडून पाहिलं होतं. समुद्राने माणूस किती बदलतो!

पेट्यांना त्याने नावं ठेवली आहेत, ‘थोरली’ आणि ‘धाकटी’. जुळ्यांतही एक आधी येतेच. काही नोंदी उतरवून ठेवतो:

‘दोघींची तेलं तपासली. इंजिन गरम करून, बंद करून, लगेच तेल मोजायची पट्टी बुडवून पाहायची. पट्टीचा आटा न फिरवता, नुसती टेकवून.’

‘थोरलीचं तेल बदललं. हे म्हणाले, गरज नाही.’

‘थोरलीच्या इंजिनाला पन्नास फेरे जास्त द्यावे लागतात, मग दोघी बरोबरीने चालतात. हे म्हणाले, काही फरक पडत नाही. पडतो.’

हे ‘हे’ कोण? पानापानावर आहेत. दादाने त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, पण उल्लेख कायम आदरार्थी. कुणी जाणकार तंत्रज्ञ असावेत. सल्ला नेहमी एकच, ‘गरज नाही’. मोठे तज्ज्ञ कमीच बोलतात.

शुद्धलेखनात दादा कच्चा तो कच्चाच. ‘मी खाली उतरले’, ‘मी घाबरले’, ‘उद्या पुन्हा बघते’. दर वेळी काना राहून गेला आहे. लाल पेन्सिलीने सगळे भरून टाकले. सत्तावीस काने. भावासाठी एवढं तरी करावं.

१० तारीख, मंगळवार

पट्ट्यांवरचा रंग खरवडला, त्याबरोबर तेलाची ओळही निघून गेली. डावीची पट्टी डोक्यावर निघाली, उजवीची कुशीला. डावीवर वेगाचं प्रमाण दोनास एक. उजवीवर एक पूर्णांक पंच्याण्णव शतांशास एक. जुळ्यांमध्ये असं कसं असेल? छपाईची चूक. माझ्या टिपणात दुरुस्त करून दोन केलं.

तेल थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेळवतात, ते आधी एका गाळणीतून येतं. गाळणीच्या झाकणाखाली जाड रबराची कडी आहे. तिच्यावर ‘५ लि.’ अशी उठावाची अक्षरं. गाळणीत दोन लिटरसुद्धा मावणार नाही. आजची दुसरी छपाईची चूक. कारखान्यांत मुद्रितशोधक नेमायला हवेत.

घरी हिच्याजवळ पेट्यांचं बोलत होतो. ही कुकर लावत होती. म्हणाली, “दिसायला सारख्या म्हणून जुळ्या कशावरून? जावाही सारख्याच पातळांत फोटोला उभ्या राहतात.”

जावांचा विषय निघाला म्हणजे हिला माझ्या वहिनी आठवल्या असणार. सहा वर्षांपूर्वी दादा-वहिनी जेवायला येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कुकरचं रबर गायब. हिने फोनवर नुसतं विचारलं, “चुकून तुमच्या पिशवीत आलं का?” वहिनी म्हणाल्या, “मी काय रबरं पळवायला येते?” त्यावर ही जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात, शुद्ध करून. दादाच्या शेवटच्या दिवसांत दोघी त्याच्या खाटेच्या दोन बाजूंना बसायच्या आणि त्याच्याशी आळीपाळीने बोलायच्या.

१२ तारीख, गुरुवार

‘हे’ यांच्या शोधात धक्काभर हिंडलो. कुणालाच माहीत नाही. मी विचारत होतो, “माझ्या भावाच्या बोटीवर एक जाणते गृहस्थ यायचे, ते कोण?” सगळे म्हणतात, तुमच्या भावाच्या बोटीवर तुमचे भाऊच असायचे. दोरखंडवाला म्हणाला, “दुसरा पुरुष पाहिलाच नाही कधी.”

वहीत त्यांच्याबद्दल आणखी एक नोंद सापडली: ‘गाळणीचं झाकण ठिबकत होतं. ह्यांनी कुठूनसं एक रबर आणलं. चपखल बसलं. कुठून आणलं विचारलं तर नुसते हसले.’ गूढ माणूस, पण हातात कसब आहे. असा एक भेटला तर अठ्ठावीस तारखेची चिंता मिटेल.

ग्रीसकाकांना पुन्हा विचारलं. म्हणाले, “साहेब, बाईंना विचारलंत का?” मी म्हटलं, “विचारलं. काही बोलत नाहीत.” काकांनी मान हलवली. “रागावल्या असतील.”

१६ तारीख, सोमवार

तेल बदललं. काकांनी हातपंपाने उजव्या पेटीतलं तेल उपसलं, ते लाल निघालं. डाव्या पेटीतलं काळपट. जुळ्यांना तेल एकच असणार, तेव्हा लालच वापरून वापरून काळं पडलेलं हे उघड आहे. दोन्हींत नवं लाल तेल भरलं.

वहीत एक ओळ होती, ‘दोघींना एकमेकींचं काही चालत नाही’. तिचा अर्थ लागला नाही. ‘काही’नंतर एखादा शब्द गळला असावा.

काका पंप पुसत म्हणाले, “बघा बुवा. मी सांगितलं होतं.”

१८ तारीख, बुधवार

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

सकाळी चाचणी. दोर सोडले, वेगाचे दोन्ही दांडे पुढे ढकलले. उजवा पंखा लागला. डावं इंजिन बोंबललं आणि पंखा मात्र आळसावून फिरत राहिला. नौका डावीकडे वळली. मी दांडा आणखी ढकलला. ती आणखी वळली. धक्क्यापासून चाळीस हातांवर आम्ही तीन पूर्ण प्रदक्षिणा घातल्या. पहिल्या फेरीला धक्क्यावर चार माणसं होती, तिसरीला चाळीस. दोरखंडवाला दर फेरीला हात हलवत होता. मीही हलवला, काहीतरी ठरवून चाललं आहे असं वाटावं म्हणून.

शेवटी डावं इंजिन बंद करून कसाबसा धक्क्याला लागलो. गोदीचे साहेब वही घेऊन उभेच होते. म्हणाले, “आमच्या यादीत तुमच्या नावापुढे काय लिहू, हलते की हलत नाही?”

“हलते.”

“ते पाहिलं. पण पोचते का?”

२० तारीख, शुक्रवार

आठ दिवस उरले. धक्क्यावर गेलो नाही. तिकडे ओढकाम करणाऱ्यांनी ज्या नौका न्यायच्या त्यांच्यावर खडूने फुल्या मारायला सुरुवात केली आहे म्हणे.

खरं सांगायचं तर मला यंत्रातलं काही कळत नाही. हे मी फक्त इथे लिहितो आहे. छापखान्यातही मी यंत्रांच्या दालनात कधी गेलो नाही, कागद माझ्याकडे यायचे. दादा सुकाणूवर टोपी घालून उभा राहायचा तेव्हा वाटायचं, याला सगळं येतं आणि मला फक्त चुका दिसतात.

२१ तारीख, शनिवार

छापखान्याची एक पद्धत आहे. अर्थ लागत नसला की एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. हिला दादाची वही दिली आणि वाचायला बसवलं.

तिसऱ्या पानावर ही थांबली. “‘उतरलो’मधला हा काना लाल कसा?”

“मी घातला. राहून गेला होता.”

“हा पण?”

“सगळे. सत्तावीस.”

हिने पुढची दहा पानं मनात वाचली. मग चष्मा काढला, पदर तोंडाला लावला आणि खुर्चीत आडवी झाली. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तर ही हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्याकडे बोट दाखवायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

“या ‘हे’ना शोधत तुम्ही धक्काभर फिरलात?”

“हो. कुणालाच माहीत नाहीत.”

“मला सांगा, तुमच्या दैनंदिनीत ‘ही’ कोण आहे?”

“तू माझी दैनंदिनी वाचतेस?”

“उघडी पडलेली असते. ‘ही’ कोण?”

“ही म्हणजे तू. दुसरं कोण असणार?”

“मग?”

“मग काय?”

ही खुर्चीत सरळ बसली. नुसती बघत राहिली, जशी मी माझ्या हाताखालच्या उमेदवारांकडे बघायचो, चूक त्यांची त्यांनाच दिसेपर्यंत. मी वही हातात घेतली. टपोरं अक्षर. मी उतरले. मी घाबरले. उद्या पुन्हा बघते. हे म्हणाले, गरज नाही.

काकांची बाई नौका नव्हती.

आणि तीन तारखेला मी वहिनींना म्हणालो होतो, “तुम्हाला नाही कळायचं ते.”

थोड्या वेळाने हिला वही परत दिली. पुढच्या एका पानावर ही पुन्हा अडकली. गाळणीच्या रबराची नोंद. वरची तारीख दोनदा वाचली. “या रबरावर काही लिहिलंय का हो?” मी म्हटलं, “पाच लिटर. छपाईची चूक आहे.” ही हसली नाही. दादाची आठवण आली असावी.

२२ तारीख, रविवार

दुपारी ही चांगलं पातळ नेसून बाहेर पडली. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, “रबराचं बघायला.” दुकानं तर बंद असतात. चार तासांनी आली. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. रबर आणलं नव्हतं.

मी विचारलं, “नाही मिळालं?”

“मिळालं ना.”

२४ तारीख, मंगळवार

सकाळी दार उघडलं तर वहिनी. अंगात दादाचा जुना निळा अंगरखा, बाह्या दुमडलेल्या, हातात हत्यारांची पेटी. मागून ही म्हणाली, “या जाऊबाई.” सहा वर्षांत हा शब्द माझ्या घरात ऐकला नव्हता.

वहिनी बसल्या नाहीत. “मी काही मदत करायला आलेली नाही, भावजी. हिने चहाला बोलावलंय.”

ही माझ्याकडे बघत होती. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. चार दिवस उरले होते.

मी म्हटलं, “वहिनी, मला त्यातलं काही कळत नाही.”

“ते मला तीन तारखेलाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही म्हणालात, तुम्हाला नाही कळायचं. म्हटलं, नसेल कळत.”

“चुकलं माझं. शिकवा.”

“आता चहा टाक गं,” वहिनी हिला म्हणाल्या आणि बसल्या.

मग सगळं बाहेर आलं. नौका घेतली तेव्हा दोन्ही पेट्या सारख्याच होत्या. नऊ वर्षांपूर्वी उजवीचं तेल बदलायला वहिनी सांगत राहिल्या, दादा ‘गरज नाही’ म्हणत राहिला, आणि ती जळाली. तिच्या जागी दुसऱ्या कारखान्याची आली. ती धाकटी. थोरलीला साधं इंजिनाचं तेल लागतं, धाकटीला लाल. वरचा हिरवा रंग दादाने दिला, चूक झाकायला.

“जुळ्या कसल्या, भावजी? जावा आहेत त्या. एका घरात आल्या म्हणून दोघींना एकच तेल कसं मानवेल?”

“आणि ते एक पूर्णांक पंच्याण्णव?”

“बरोबर आहे ते. मी स्वतः मोजलंय. पंख्याच्या दांड्यावर खडूची खूण करायची आणि इंजिन हाताने फिरवायचं. धाकटीच्या इंजिनाचे एकोणचाळीस फेरे, तेव्हा दांड्याचे वीस. थोरलीला चाळीस लागतात.”

“दादाला यातलं काहीच येत नव्हतं?”

वहिनींनी कप खाली ठेवला. “ते सुकाणूवर फार छान दिसायचे.” मग अंगरख्याची सुटलेली बाही पुन्हा दुमडली. हिने त्यांचा कप पुन्हा भरला. मग त्यांनीच विचारलं, “थोरली लाल तेलावर किती वेळ चालवलीत?”

“तीन फेऱ्या.”

“वेळ विचारला, भावजी.”

“पाच-सहा मिनिटं.”

“मग वाचेल बहुतेक. अर्धा तास झाला असता तर आतल्या चकत्या गेल्या असत्या.” त्यांनी वही मागून घेतली, उघडली आणि मान वर केली. “आणि हे काय? माझ्याच वहीत मला पुरुष करून ठेवलंत?”

२६ तारीख, गुरुवार

दोन दिवस खाली तिघं. थोरलीचं लाल तेल उपसलं, साधं तेल भरलं, दहा मिनिटं फिरवलं, तेही उपसलं, पुन्हा भरलं. मी डबे धरले. वहिनी सांगतात, ही लिहून घेते, मी धरतो. हिने गाळणीचं झाकण स्वतः उघडलं, रबराची कडी काढली आणि दोन्ही हातांत धरून बघत राहिली.

“पाच लिटर,” ही म्हणाली.

“मला खरंच माहीत नव्हतं गं,” वहिनी म्हणाल्या.

“माहीत आहे मला. जेवताना कुकरकडे बघून दादा म्हणाले होते, रबर काय छान आहे.”

दोघी एकदम हसायला लागल्या. दादाच चोर, हे मला कळायला तेवढाच वेळ लागला जेवढा डबा पायावर पडायला लागतो.

थोरली अजून लगेच पकडत नाही. वहिनी म्हणतात, बघू.

२८ तारीख, शनिवार

आमच्या नौकेवर फुली होती. सकाळीच पाहिली. ओढणारी बोट शेजारी येऊन थांबलेली. साहेब घड्याळ बघत होते.

वहिनी खाली पेट्यांपाशी. ही दांड्यांवर. मला वहिनींनी दादाची टोपी दिली आणि सुकाणूवर उभं केलं. “तुम्ही फक्त समोर बघा. आणि ताठ उभे राहा.”

दोर सुटले. धाकटीने लगेच पकडलं. थोरली नाही. इंजिनाचा आवाज चढला आणि नौकेचं नाक डावीकडे झुकायला लागलं. धक्क्यावरून दोरखंडवाल्याने हात वर केला. मी सुकाणू घट्ट धरलं आणि मनात दादाला म्हटलं, मी नुसती मान डोलावली नव्हती रे.

खालून वहिनींचा आवाज आला, “ओढू नकोस तिला! कमी कर, दम घेऊ दे, पुन्हा घाल!”

हिने दांडा मागे घेतला, पाच अंक मोजले आणि अलगद पुढे केला. खालून धप्प असा आवाज आला. नाक सरळ झालं.

“थोरलीला पन्नास जास्त!” वहिनी ओरडल्या.

“दिले, जाऊबाई!”

बाराला वीस मिनिटं असताना नव्या धक्क्याला लागलो. धक्क्यावर ग्रीसकाका होते. टोपीकडे बघून म्हणाले, “साहेब, शोभता.” मग खाली वाकून, “बाई, नमस्कार.”

२९ तारीख, रविवार

वहीत कालची नोंद झाली आहे. वरच्या ओळी वहिनींच्या: ‘दोन्ही पेट्या ठीक. दोघी नीट चालल्या.’ खाली हिच्या अक्षरात: ‘गाळणीला नवं रबर बसवलं, जुनं घरी नेलं. हे म्हणाले, मी बसवतो. गरज नव्हती.’

दुपारी वही घरी आणून काने पुसायला बसलो. लाल पेन्सिल लवकर पुसली जात नाही. एकोणिसाव्या कान्यावर रबर संपलं. हिला हाक मारून विचारलं, घरात दुसरं रबर आहे का.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “जाऊबाईंकडे मागा. एक नेलं तर सहा वर्षांत परत येतं.”